मग चावत का नाहीत?

परवा फॅमिली ग्रुपवर तो व्हिडिओ परत आला. दोन साप एकमेकांना वेढे घालून उभे राहतायत, मागे बासरी, खाली हार्टवाले इमोजी आणि 'नाग-नागिणीचं प्रेम'. मी माझं नेहमीचं रसभंगाचं काम केलं, लिहिलं की बाबांनो हे नाग नाहीत, धामणी आहेत आणि दोन्ही नर आहेत, कुस्ती चाललीये (धामण शब्दच स्त्रीलिंगी, त्यामुळे अर्धा घोळ तिथेच होतो). त्यावर एका चुलत भावाने विचारलं, भांडण आहे तर मग चावत का नाहीत? प्रश्न एकदम बरोबर जागी लागला आणि दोन ओळीत उत्तर काही सुचेना, म्हणून इथे लिहितोय.

त्या कुस्तीचा नियम एकच, समोरच्याचं डोकं खाली दाबायचं. ज्याचं डोकं जमिनीला टेकलं तो मुकाट निघून जातो. नागराजाचे (किंग कोब्राचे) नरसुद्धा सहसा असेच लढतात, तोंडात एवढं विष असून! पूर्वी याचं उत्तर असं द्यायचे की प्राणी आपल्या जातीच्या भल्यासाठी संयम पाळतात. ऐकायला गोड आहे पण टिकत नाही, कारण सगळे सभ्य असतील तर त्यात एक नियम मोडणारा गुंड घुसला की त्याची चंगळ, माद्या त्याला, पिल्लं त्याची, म्हणजे काही पिढ्यांत गुंडच गुंड. १९७३ मध्ये जॉन मेनार्ड स्मिथ आणि जॉर्ज प्राइस या संशोधकांनी हे गेम थिअरीने (समोरचा काय करेल यावर आपली चाल ठरवण्याचं गणित) सोडवलं. गुंड वाढले की गुंडाची गाठ गुंडाशीच पडायला लागते, आणि जखम जर बक्षिसापेक्षा महाग पडत असेल तर प्रत्येक वेळी जीव खाऊन लढणं त्या गुंडालाच परवडत नाही. जातीचं भलं वगैरे काही नाही, ज्याच्या त्याच्या कातडीचा हिशेब.

म्हणून मग आधी अंदाज घ्यायचा. स्कॉटलंडच्या रम बेटावर टिम क्लटन-ब्रॉक आणि त्यांच्या टीमने लाल हरणांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलाय. माजाच्या दिवसांत दोन नर समोर आले की आधी नुसते ओरडतात, तू किती वेळा, मी किती वेळा. ओरडायला दम लागतो त्यामुळे यात थापा चालत नाहीत, आणि बऱ्याच वेळा एकजण इथेच कटतो. नाहीच मिटलं तर दोघं शेजारीशेजारी समांतर चालतात, एकमेकांना नीट न्याहाळत, आणि त्यातूनही दोघं तुल्यबळ वाटले तरच शिंगाला शिंग. तेव्हा मात्र खरंच लागतं, डोळा जातो, पाय मोडतो.

आणि हिशेब उलटा फिरला की संयम गेला तेल लावत. उंबर-अंजिराच्या जातीच्या फळांत राहणाऱ्या काही गांधीलमाशीसारख्या किड्यांचे नर बिनपंखी असतात, जन्म त्या फळात, माद्या तिथेच, मरणही तिथेच. उद्या दुसरीकडे नशीब काढू हा पर्यायच नाही. ते एकमेकांचे अक्षरशः तुकडे करतात.

बरं जिंकलेल्याची मजा असते का? केनियातल्या अंबोसेलीच्या बबून माकडांवर २०११ मध्ये एक पेपर आला होता. विष्ठेतून स्ट्रेस हार्मोन मोजलं, तर एक नंबरच्या नराचा स्ट्रेस जवळपास तळातल्या नरांइतकाच निघाला आणि दोन नंबरवाला बराच निवांत. सतत मारामाऱ्या आणि माद्यांवर पहारा, हे सगळं पहिल्याच्या डोक्याला. मला तर हे वाचून दोन नंबरवाल्याबद्दल फार आपुलकी वाटली. (ते 'अल्फा मेल' म्हणून रील्स टाकणारे लोक असतात ना, त्यांच्या लाडक्या लांडग्याचंही तसंच. मारामारी करून कळपाचा राजा होणारा 'अल्फा', ही थिअरी पिंजऱ्यात एकत्र कोंडलेल्या लांडग्यांवरून आली, जंगलात कळप म्हणजे बहुतेक वेळा आई-बाप आणि त्यांची पोरं. लांडग्यांचे अभ्यासक डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने तो शब्द गाजवला आणि पुढे त्यांनीच सांगितलं की सोडा तो आता.)

पण मला सगळ्यात जास्त आवडते ती हत्तींची गोष्ट. दक्षिण आफ्रिकेत पिलानेसबर्ग नावाचं अभयारण्य आहे, तिथे कळपातले मोठे हत्ती मारल्यावर अनाथ झालेली पिल्लं आणून सोडली होती. ती वयात आली, त्यातले नर फार लवकर मदावर आले (मद म्हणजे नर हत्ती माजावर येऊन आक्रमक होतो तो काळ), आणि तो मद उतरेचना. १९९२ ते १९९७ या काळात या पोरांनी ४० च्या वर गेंडे मारले. खाण्यासाठी नाही, कशासाठीच नाही. शेवटी १९९८ मध्ये क्रुगर राष्ट्रीय उद्यानातून सहा मोठे वयस्क नर आणून सोडले. तरुण हत्ती मदात असताना समोर मोठा मदमस्त नर उभा राहिला की त्याचा मद ओसरतो, कधी कधी काही मिनिटांतच, आणि तिथेही तेच झालं. पोरांचे मदाचे दिवस कमी झाले आणि गेंडे मरायचे थांबले.

भावाला यातलं अर्धं व्हॉइस नोटवर सांगितलं. त्याचा रिप्लाय आला, "म्हणजे सहा काका आणून ठेवले?" हो रे, अगदी तेच.