दोन्ही गुडघे एकदम बदलले!

एकच गुडघा बदलला तर दुसऱ्या पायावर भार टाकता येतो, दोन्ही एकदम केले की चांगला पाय म्हणून काही उरतच नाही, त्यामुळे ऑपरेशनआधी मांडीबरोबर दंडाचेही व्यायाम करा, सुरुवातीला खुर्चीतून उठताना सगळा जोर हातांवरच येतो. कमोडवर उंच सीट बसवली, पायपुसणी उचलली, दातही आधीच तपासून घेतले (तिथलं इन्फेक्शन रक्तातून नव्या सांध्यात जाऊ शकतं).

नंतरचं खरं सांगू का, सगळे ९० अंश वाकवायच्या मागे लागतात, पण पाय पूर्ण सरळ होणंही तितकंच महत्त्वाचं. गुडघ्याखाली उशी घेतली की इतकं बरं वाटतं ना, आणि नेमकं तेच करायचं नाही, गुडघा वाकलेलाच आखडतो. मग टाचेखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून पडायचं, दात-ओठ खात. फिजिओथेरपीआधी पेनकिलर, नंतर बर्फ. पोटरी अचानक सुजली, दुखायला लागली तर लगेच डॉक्टरांना फोन, रक्ताची गुठळी असू शकते. दुखण्यापेक्षा मला रात्रीच्या झोपेनेच जास्त छळलं, कूस बदलायची तर दोन्ही पाय उचलून ठेवायचे. व्रणाच्या बाहेरच्या बाजूची कातडी अजून बधिर आहे, पण जिना आता कठडा धरून चढते.