तुम्ही विचारलेत म्हणून: क्लिओपात्रा सोडून युमाकियाच का?

प्राचीन भूमध्यसागरी नगरांविषयी मी बोलू लागले की एक प्रश्न हमखास येतो: कर्तबगार स्त्रीचे उदाहरणच द्यायचे, तर क्लिओपात्रा सोडून तुम्ही इटलीतील पॉम्पेई या प्राचीन रोमन नगरातल्या कुणा युमाकियाचे नाव का घेता?

क्लिओपात्रा राजकन्या होती आणि सिंहासन तिच्याकडे वारशाने आले. युमाकियाला मात्र साधा मताधिकारही नव्हता. पॉम्पेईच्या निवडणुकीत मत देणे किंवा उभे राहणे हे पुरुषांचेच काम होते. असे असूनही, इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियस ज्वालामुखीच्या राखेखाली गेलेल्या त्या नगराच्या मुख्य चौकातील सर्वांत भव्य इमारतींपैकी एक तिची आहे. दर्शनी ओसरी, बंदिस्त मार्गिका आणि स्तंभांच्या रांगा आपण ‘स्वतःच्या पैशाने’ बांधल्या आणि आपणच अर्पण केल्या, असे तिने दगडावर कोरून घेतले, आणि मागच्या रस्त्याने येणाऱ्यांच्याही नजरेतून ते सुटू नये म्हणून तोच मजकूर तिथल्या दाराशी पुन्हा लावला. त्यात मुलाचे नाव आहे, पतीचे नाही. (त्या दारालगतच्या कारंज्यावरील ऐक्यदेवतेला पुढच्या लोकांनी समृद्धीची देवता समजून साऱ्या रस्त्यालाच ‘समृद्धीचा रस्ता’ हे नाव दिले.)

हा पैसा आला कुठून? तिच्या माहेरचे नाव मद्याच्या कुंभांवर आणि विटांवर उमटलेले सापडते. त्या काळच्या रूढ विवाहपद्धतीत पत्नीची मालमत्ता पतीच्या मालमत्तेपासून वेगळी राहत असे, आणि रोमन सम्राट ऑगस्टसच्या कायद्याने तीन मुलांच्या मातेला व्यवहारासाठी पुरुष पालकाची संमती घेण्याच्या बंधनातूनही सूट मिळाली होती. शिवाय युमाकिया नगराची पुजारीण होती, म्हणजे स्त्रियांना खुले असलेले मोठे सार्वजनिक पद तिच्याकडे होते. इमारतीचा नेमका वापर काय होता, यावर अभ्यासक अजून भांडतात. मला मात्र तिथल्या तिच्या पुतळ्याचे अधिक अप्रूप वाटते, कारण तो उभारला होता नगरातील परिटांनी, लोकर आणि कापड धुणाऱ्या कारागिरांनी. डोक्यावरून पदर घेतल्यासारखी ती उभी आहे, अगदी सोज्ज्वळ, आणि पायाशी त्या परिटांचा लेख आहे.

याहून ठसठशीत उदाहरण हवे असेल, तर आजच्या तुर्कस्तानातील अंतल्याजवळच्या पेर्गे नगराचे घ्यावे. तिथल्या जुन्या वेशीचे प्लांकिया माग्ना हिने इ.स. १२०च्या सुमारास संपूर्ण रूप पालटले आणि आतल्या चौकात नगरसंस्थापकांचे पुतळे बसवले. त्यांत तिचे वडील आणि भाऊही होते. वडील रोमच्या सिनेटचे सदस्य होते. तरीही त्यांच्या पुतळ्याखाली ‘प्लांकिया माग्नाचे वडील’ आणि भावाच्या पुतळ्याखाली ‘प्लांकिया माग्नाचा भाऊ’ अशी ओळख कोरलेली आहे. ती स्वतः आर्टेमिस देवीची पुजारीण होती आणि नगराचे मानाचे प्रशासकीय पदही तिने भूषवले होते.

अर्थात या दोघी धनाढ्य होत्या, हे मी विसरत नाही. म्हणूनच पॉम्पेईच्या समृद्धीच्या रस्त्यावर थोडे पुढे, आसेलिना हिच्या मद्याच्या दुकानापाशीही मी थांबते. तिथल्या भिंतीवर आसेलिना आणि तिच्याबरोबरच्या बायकांच्या नावाने रंगवलेले निवडणुकीचे आवाहन आहे: अमक्याला निवडून द्या.