क्रूझच्या आधीचा दिवस आणि नंतरचा दिवस

क्रूझ ठरवताना केबिन कोणती घ्यायची, बाल्कनी हवी की नको, जैन जेवण मिळते का, यावर घराघरांत आठवडेच्या आठवडे चर्चा होते. ठाण्याच्या घरातून त्या जहाजाच्या दारापर्यंत कसे पोहोचायचे आणि शेवटच्या दिवशी सकाळी जहाजाने बंदरावर उतरवून दिल्यावर पुढे काय करायचे, हा विषय मात्र पैसे भरून झाल्यावर निघतो. टूर कंपनीबरोबर जाणाऱ्यांना त्याची काळजी नसते. आमच्या घरी सगळा प्रवास आम्हीच आखतो, त्यामुळे सोसायटीतली आणि नात्यातली मंडळी आपापले बेत घेऊन माझ्याकडे येतात. त्यांना मी पहिल्यांदा एवढेच विचारते, की जहाज सुटण्याच्या आदल्या रात्री तुम्ही कुठे झोपणार आहात?

उत्तर बहुतेक वेळा "विमानात" असे येते, आणि तिथेच माझा आक्षेप सुरू होतो. विमान चुकले तर पुढचे विमान असते. पैसे जातात, पण प्रवास होतो. स्वतंत्रपणे काढलेल्या विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही आणि केबिनचे पैसेही परत मिळत नाहीत. "पुढच्या बंदरावर गाठू" असे लोक सहज म्हणतात, परंतु त्यासाठी क्रूझ कंपनीची परवानगी लागते, त्या देशाचा व्हिसा हातात असावा लागतो आणि आयत्या वेळचे विमानाचे तिकीट परवडावे लागते. बार्सिलोनाहून सुटलेले जहाज फ्रान्समधल्या मार्से बंदरात गाठणे एक वेळ जमेल. अथेन्सच्या पिरेअस बंदरातून सुटलेले जहाज दुसऱ्या दिवशी एखाद्या लहान बेटावर किंवा तुर्कस्तानात उभे असेल, तर ते गाठणे फार अवघड आहे. परतीला झालेल्या उशिराची किंमत एखादे तिकीट आणि एखाद्या दिवसाची रजा एवढीच असते. तरीही आपल्याकडे बरेच जण नेमके उलटे करतात. रजा वाचवण्यासाठी जहाजाच्या दिवशीच सकाळी पोहोचतात आणि खरेदीसाठी शेवटी दोन दिवस राखून ठेवतात. रजेचा एकच दिवस जास्तीचा मिळणार असेल, तर तो जहाजाच्या आधी खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे. पावसाळ्यात निघणाऱ्यांनी तर याबाबत घासाघीस करूच नये.

शिवाय तिकिटावर "प्रस्थान सायंकाळी 5" असे छापलेले असले, तरी ती आपण पोहोचण्याची वेळ नसते. प्रवाशांची यादी बंदराच्या अधिकाऱ्यांना आधी द्यावी लागत असल्यामुळे टर्मिनलवरचा चेक-इन साधारणतः तास-दीड तास आधी बंद होतो. आपल्या जहाजाची नेमकी वेळ कागदपत्रांत दिलेली असते. बाकी सगळा हिशेब त्या वेळेपासून मागे मोजत यावा.

दुसरी गोष्ट बंदराच्या नावाची. जाहिरातीत शहराचे नाव असते आणि जहाज भलत्याच गावाला लागलेले असते. "रोम" म्हणजे चिविताव्हेकिया, जे रोमपासून सत्तर-ऐंशी किलोमीटरवर आहे. "लंडन" म्हणजे पुष्कळदा साउदॅम्प्टन, "पॅरिस" म्हणजे ल हाव्र, "बर्लिन" म्हणजे थेट बाल्टिक किनाऱ्यावरचे वार्नेम्युंडे आणि "बँकॉक" म्हणजे लाएम चाबांग. व्हेनिसची गंमत आणखी निराळी आहे. 1 ऑगस्ट 2021 पासून मोठ्या जहाजांना सेंट मार्क चौकासमोरून जाणारा जलमार्ग बंद झाला, त्यामुळे "व्हेनिस"ची कित्येक जहाजे आता राव्हेन्ना किंवा त्रिएस्ते येथून सुटतात आणि ही दोन्ही ठिकाणे व्हेनिसपासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहेत. एवढे पाहिल्याशिवाय व्हेनिसच्या कालव्याकाठचे हॉटेल घेऊन ठेवणाऱ्याला जहाजाच्या दिवशी सकाळी आगगाडीचे वेळापत्रक शोधत बसावे लागते. बंदर कळल्यावर धक्काही पाहावा. सिंगापूरमध्ये हार्बरफ्रंटजवळचे जुने क्रूझ सेंटर वेगळे आणि 2012 साली सुरू झालेले मरीना बे क्रूझ सेंटर वेगळे. दोन्हींची मेट्रो स्थानकेही वेगळी आहेत.

चिविताव्हेकियाचा मार्ग मी जरा सविस्तर सांगते, कारण भूमध्य समुद्रातल्या क्रूझला जाणाऱ्या आपल्याकडच्या लोकांना तो हमखास लागतो. फ्युमिचिनो विमानतळावर उतरल्यावर रोम शहरात न शिरताही बंदराकडे जाता येते. विमानतळाच्या स्थानकावरून शहराकडे जाणारी लोकल घ्यायची, ती मध्ये न थांबता जाणारी लिओनार्दो एक्सप्रेस नव्हे, आणि त्रास्तेव्हेरे स्थानकावर उतरून फलाट बदलून चिविताव्हेकियाची प्रादेशिक गाडी पकडायची. कागदी तिकीट असेल तर गाडीत चढण्यापूर्वी फलाटाजवळच्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्यावा लागतो. न मारल्यास तिकीट असूनही दंड होतो, आणि तपासनीसाला आपले इंग्रजी समजले नाही तर दंड भरण्यावाचून गत्यंतर उरत नाही. चिविताव्हेकिया स्थानकाबाहेरून लार्गो देल्ला पाचे या ठिकाणापर्यंत जायचे आणि तिथून बंदराच्या बसने जहाजापर्यंत. दोन माणसे आणि दोन चाकांच्या बॅगा असतील तर हे सगळे आनंदाने होते. चौघे असतील, त्यांत आई-बाबा असतील आणि प्रत्येकाची बॅग भरलेली असेल, तर विमानतळावरून थेट ठरवलेली टॅक्सी डोईजड वाटत नाही. क्रूझ कंपनीची बस माणशी पैसे घेते, टॅक्सी गाडीमागे घेते, हा गुणाकार आधी करून पाहावा. इटलीत रेल्वेचे संपही अधूनमधून होतात. ते आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी सकाळी 6 ते 9 आणि संध्याकाळी 6 ते 9 या वेळांत ठरावीक प्रादेशिक गाड्या चालवाव्या लागतात, त्यामुळे निघण्याच्या आठवड्यात तेवढे तपासून घ्यावे.

त्या मानाने बार्सिलोना आणि अथेन्स सोपी आहेत. बार्सिलोनाचा विमानतळ शहराला लागून आहे आणि कोलंबसच्या उंच स्तंभापासून मोठ्या जहाजांच्या धक्क्याकडे बस जाते. अथेन्सच्या विमानतळावरून ऑक्टोबर 2022 पासून मेट्रो थेट पिरेअसपर्यंत धावते. मात्र मेट्रोचे स्थानक आणि क्रूझचा धक्का यांत अंतर आहे, बॅगा ओढत चालण्याइतके जवळ ते नाही.

आधीचे आणि नंतरचे दिवस आखताना व्हिसाचा विचार सुटा ठेवता येत नाही. युरोपातल्या बहुतेक देशांना मिळून चालणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज ज्या देशात मुक्काम सर्वाधिक त्या देशाकडे करायचा असतो, आणि मुक्काम समान असतील तर जिथून प्रथम प्रवेश होतो त्या देशाकडे. जहाज स्पेन, फ्रान्स आणि इटली असे फिरणार असेल, तर बार्सिलोनातल्या आधीच्या दोन रात्री आणि नंतरची एक रात्र यांनीच पारडे स्पेनकडे झुकते. म्हणून हॉटेलांच्या रात्री अर्ज करण्यापूर्वी निश्चित करणे भाग आहे. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान पंधरा दिवस आधी तरी करावा लागतो. मे महिन्याच्या सुट्टीत जाणाऱ्यांनी त्या पंधरा दिवसांवर विसंबू नये, कारण भेटीची तारीखच मिळत नाही. जहाज मध्येच तुर्कस्तानातल्या कुशादासीला किंवा मोंटेनेग्रोतल्या कोटोरला जाणार असेल, तर ते शेंगेनच्या बाहेर पडून पुन्हा आत येते, त्यामुळे एकाच प्रवेशाचा व्हिसा पुरत नाही. क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये असल्याने दुब्रोव्हनिकला ही अडचण आता येत नाही. ऑक्टोबर 2025 पासून युरोपच्या सीमेवर बोटांचे ठसे आणि छायाचित्र घेण्याची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, तेव्हा विमानतळावरच्या रांगेसाठी पूर्वीपेक्षा जास्त वेळ धरावा.

आता आपल्या बाजूची गोष्ट. मुंबईहून युरोपकडे आणि आखाताकडे जाणारी बरीच विमाने मध्यरात्र ते पहाट या वेळात सुटतात. तिकिटावर 12 तारीख आणि वेळ 1 वाजून 40 मिनिटे असेल, तर घरातून 11 तारखेला रात्रीचे जेवण उरकूनच निघायचे असते. हे वाचताना कोणालाही हास्यास्पद वाटेल, परंतु रजेचा अर्ज, टॅक्सीची नोंदणी आणि तिकडच्या हॉटेलची तारीख या तिन्ही ठिकाणी हा गोंधळ होतो. घोडबंदर रस्त्यावर राहणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावे की रात्री अवजड वाहने सुटली की कासारवडवलीहून माजिवड्याला येण्यातच कधी कधी अर्धी वेळ जाते. पुढचा पूर्व द्रुतगती मार्ग त्या मानाने सोपा असतो.

स्वस्त पडते म्हणून मुंबई ते दिल्ली एक तिकीट आणि दिल्ली ते युरोप दुसरे, असे तुकडे पाडण्याचा मोह होतो. एकाच पीएनआरवर दोन्ही विमाने असली आणि पहिल्याला उशीर झाला, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी विमान कंपनीची राहते. वेगवेगळी तिकिटे असली तर दुसऱ्या कंपनीच्या दृष्टीने तुम्ही आलाच नाहीत, एवढीच नोंद होते, आणि जाण्याचे विमान चुकवले म्हणून त्याच तिकिटावरचे परतीचे विमानही बहुधा रद्द होते. जाताना अशी तोडजोड मी कोणालाही सुचवत नाही. परतताना, हाताशी पुरेसे तास असतील, तर हरकत नाही.

त्यातच आता आपल्याकडे विमानतळ दोन झाले आहेत. नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन 8 ऑक्टोबर 2025 रोजी झाले आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथून विमाने सुटू लागली. ऐरोली, वाशी, खारघरच्या लोकांची त्यामुळे मोठी सोय झाली, पण तिकीट काढताना संकेतस्थळे दोन्ही विमानतळ "मुंबई" या एकाच नावाखाली दाखवू शकतात. जाताना नवी मुंबईहून दिल्ली आणि परतताना दिल्लीहून जुन्या मुंबई विमानतळाचे, म्हणजे सहारचे टर्मिनल 2, असे तिकीट निघाले, तर गाडी एका विमानतळावर आणि आपण दुसऱ्यावर अशी अवस्था होते. दिल्लीमार्गे परतताना इमिग्रेशन आणि कस्टम दिल्लीलाच होते आणि सामानही तिथेच ताब्यात घेऊन पुन्हा द्यावे लागते, हे वेळेच्या हिशेबात धरलेले असावे.

परदेशी न जाता मुंबईच्या बॅलार्ड पिअरहूनच जहाज घेणाऱ्यांना वाटते, की आपल्याला यातले काही लागू नाही. जहाज रविवारचे असेल तर मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक लागू असतोच. माटुंगा ते मुलुंड जलद मार्गावर ब्लॉक असला, की ठाण्याची जलद लोकल धीम्या मार्गावर येते. बॅगा घेऊन त्या गर्दीत उभे राहण्यापेक्षा त्या दिवशी सरळ टॅक्सी करावी. वाशी-नेरूळकडच्यांना अटल सेतूवरून शिवडीला उतरून ईस्टर्न फ्रीवेने बंदराच्या दाराशी जाता येते. एकेरी क्रूझ घेऊन गोव्याला किंवा कोचीला उतरणार असाल, तर रेल्वेचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून साठच दिवस आधी उघडते. जहाज सहा महिने आधी ठरवले असले तरी गाडीसाठी तारीख धरून बसावे लागते. गोव्यात मुरगाव बंदराजवळचा विमानतळ दाबोळी आहे, दुसरा, मोपाचा, उत्तरेला पेडण्यात आहे, आणि स्वस्त दिसणारे तिकीट मोपाचे असले तर टॅक्सीचे भाडे त्यात मिळवून पाहावे.

उतरण्याचा दिवस मला व्यक्तिशः जास्त आवडतो, कारण त्यात घाई करण्याचे काही कारण नसते. आदल्या रात्री केबिनमध्ये रंगीत पट्ट्या येतात. त्या बॅगांना बांधून बॅगा दाराबाहेर कॉरिडॉरमध्ये ठेवायच्या, की त्या रात्रीतून खाली जातात आणि सकाळी टर्मिनलमध्ये रंगाप्रमाणे लावलेल्या मिळतात. गोळ्या, पासपोर्ट, चार्जर आणि दुसऱ्या दिवशीचे कपडे हातातल्या पिशवीत राहिलेच पाहिजेत. डोंबिवलीच्या एका काकांनी सगळे बूट बॅगेत भरून बॅग बाहेर ठेवली आणि सकाळी जहाजाने दिलेल्या पांढऱ्या सपाता घालून ते सिंगापूरच्या इमिग्रेशनसमोर उभे राहिले होते. काकू मात्र त्यांच्यापासून चार माणसे सोडून उभ्या होत्या. ज्यांना लवकर निघायचे असेल त्यांनी बॅगा बाहेर न ठेवता स्वतः उचलून पहिल्या गटात उतरावे. तसे केले तरी जहाज धक्क्याला लागणे, बंदराची परवानगी आणि टॅक्सीची रांग आपल्या हातात नसते. चिविताव्हेकियाला उतरणाऱ्याने फ्युमिचिनोहून दुपारी एकच्या आधीचे विमान घेऊ नये. बार्सिलोना किंवा सिंगापूरला बारापर्यंत चालून जाते.

विमान रात्रीचे असेल तर दिवस मोकळा मिळतो, फक्त सामानाची व्यवस्था हवी. रोमच्या टर्मिनी आणि बार्सिलोनाच्या सान्त्स स्थानकावर सामान ठेवता येते, सिंगापूरच्या चांगी विमानतळावरही तशी सोय आहे. सिंगापूरला जहाजाने परत येणे हा नवा प्रवेश असतो, म्हणून तिथले आगमन कार्ड उतरण्याच्या आधीच्या तीन दिवसांत पुन्हा भरावे लागते आणि समुद्रात इंटरनेट महाग असते. ते शेवटच्या बंदरावर असतानाच उरकावे.

प्रवास विमा क्रूझच्या तारखांचा न घेता घरापासून घरापर्यंतचा घ्यावा. शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचे वैद्यकीय संरक्षण लागते, पण स्वतः आखलेल्या प्रवासात खरा उपयोग कनेक्शन चुकल्याच्या कलमाचा होतो, आणि त्यात विमानाला किती तास उशीर झाला तर भरपाई मिळते हे बारीक अक्षरांत दिलेले असते. परतीचे विमान मुंबईत मध्यरात्रीनंतर उतरणार असेल, तर पॉलिसीची शेवटची तारीख एक दिवस पुढची घालावी.