बाबांची फाईल सोडवून आणताना

गेल्या वर्षी बाबांना साताऱ्याहून पुण्यात वारज्याला आमच्याकडे आणलं. सत्तरी ओलांडलेली, मधुमेह जुना आणि काही महिन्यांपूर्वीच हार्ट अटॅक येऊन अँजिओप्लास्टी झालेली, म्हणजे अरुंद रक्तवाहिनी उघडून आत स्टेंट ही बारीक जाळी बसवलेली. डॉक्टर चालत जाता येईल इतक्या अंतरावर हवा, ही माझी पहिली अट. बाबा एकटे जाऊन येतील असाच दवाखाना नियमित होतो. माझ्या रजेवर अवलंबून असलेली तपासणी पुढच्या महिन्यावर जाते हे मला ठाऊक आहे.

डॉक्टर शोधणं तसं लवकर उरकलं. शेजाऱ्यांना विचारण्यापेक्षा मेडिकलवाल्याला विचारा. तो रोज सगळ्यांच्या चिठ्ठ्या वाचतो, कोण मोजकी औषधं लिहितो ते त्याला पाठ असतं. एका ठिकाणी बीपी बघायच्या आधीच ‘फुल बॉडी पॅकेज’चं पत्रक हातात आलं, तिथून आम्ही उठलो. शेवटी गल्लीतल्या एमडी मेडिसिन बाई निवडल्या. चिठ्ठीवर नोंदणी क्रमांक छापलेला, बोलणं बाबांशी, माझ्याशी नव्हे.

पण त्यांनी पहिल्याच भेटीत विचारलं, “स्टेंट नेमका कधी टाकला? कोणत्या रक्तवाहिनीत?” बाबांना महिना आठवेना. डिस्चार्ज कार्ड सामान हलवताना कुठं गेलं देव जाणे. प्रश्न साधा नव्हता. अटॅकनंतर गुठळी होऊ नये म्हणून ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेलसारखी दुसरी गोळी सहसा वर्षभर जोडीने देतात, मग बहुतेकांची एक बंद होते. आधीच थांबवली तर स्टेंटमध्ये गुठळी होण्याची भीती, उगाच चालू ठेवली तर रक्तस्रावाची. “कागद आणा, अंदाजाने मी काही बदलणार नाही,” बाई म्हणाल्या. मला तेव्हाच त्या पटल्या.

आता अँजिओप्लास्टी झाली ते हॉस्पिटल. नाव लिहीत नाही, पण तिथल्या रेकॉर्ड रूमच्या खिडकीचा राग अजून उतरलेला नाही.

फोनवर सांगितलं, “समक्ष या.” गेले. “पेशंट कुठंय? पेशंटलाच आणा.” नुकतं हृदयाचं काम झालेल्या माणसाला एका कागदासाठी शंभरेक किलोमीटर प्रवास करवायचा! मी म्हटलं, मुलगी आहे, आधार दाखवते. मग संमतीपत्र हवं. पुण्याला येऊन बाबांच्या सहीचं पत्र, दोघांच्या आधारच्या झेरॉक्स घेऊन परत गेले, तर “साहेब राउंडला आहेत.” साहेब आले, तर फाईल “इन्शुरन्सवाल्यांकडे.” बिल तर बाबांनी खिशातून भरलं होतं! हे सांगितल्यावर खिडकीतल्या ताईंनी रजिस्टर उघडलं, दोन पानं उलटली आणि म्हणाल्या, “जेवणानंतर या.” जेवणानंतर खिडकीला पडदा.

मला सगळ्यात चीड कशाची आली सांगू? कुणी नाही म्हणत नव्हतं. नाही म्हटलं असतं तर भांडता आलं असतं. तिथं प्रत्येक जण अगदी गोड आवाजात उद्यावर ढकलत होता, आणि बाजूच्या बाकावर माझ्यासारखेच फाईल मागायला आलेले दोन म्हातारे गपचूप बसून होते. त्यांना वाटत होतं, हॉस्पिटल उपकार करतंय.

तसं नाही. डॉक्टरांच्या व्यावसायिक आचाराची २००२ची नियमावली आहे. दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं जपायची, आणि रुग्णाने किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाने मागितली तर मागणीची पोच देऊन ७२ तासांत द्यायची, असं त्यात स्पष्ट आहे. हे एका मैत्रिणीने सांगितलं आणि माझा सूरच बदलला. तोंडी विनंती बंद. दोन प्रतींत अर्ज केला, त्यात नियमाचा उल्लेख, हवे ते कागद नावानिशी: डिस्चार्ज कार्ड, अँजिओग्राफीचा रिपोर्ट आणि सीडी, स्टेंटचं स्टिकर लावलेलं पान. नुसतं ‘फाईल द्या’ लिहू नका, मग फक्त बिलं हातात ठेवतात. आणि खिडकी सोडून थेट आवक-जावक टेबलावर शिक्का मारून घेतला. शिक्क्याच्या प्रतीचा फोटो काढताना तिथला माणूस जरा सावरून बसला, हे मी खास आनंदाने नोंदवते.

मुदतीच्या आत फोन आला. झेरॉक्सचे पैसे भरले, फाईल घेतली. बाकावरच्या आजोबांना मी अर्जाची एक कोरी प्रत देऊन आले.

कागद बघून बाईंनी दुसरी गोळी कधी थांबवायची ती तारीख चिठ्ठीवर लिहून दिली. पुढचं सरळ आहे: दर तीन महिन्यांनी एचबीए१सी (मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर), वर्षातून एकदा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन, लघवीतलं प्रथिन, पायांची तपासणी आणि डोळ्यांचा पडदा. पडदा बघायला थेंब टाकतात, काही तास अंधुक दिसतं, तेव्हा त्या दिवशी मात्र सोबत जा. फ्लूची लस दरवर्षी. न्यूमोनियाचीही बाईंनी आठवणीने दिली. बाबा कुरकुरले, “या वयात लसी?” पण घेतली.

हो, ईसीजीचं राहिलं. त्या गुळगुळीत कागदावरचं काही वर्षांत पुसट होतं, लगेच झेरॉक्स काढा. बाबांच्या पिशवीतला जुना ईसीजी आता कोरा कागद झालाय.

तपासण्यांच्या पावत्याही टाकू नका. आयकराच्या जुन्या करप्रणालीत असाल तर ८०डी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या आरोग्य विम्याच्या वजावटीच्या मर्यादेतच प्रतिबंधात्मक तपासणीचे ५,००० रुपयांपर्यंत धरता येतात, आईवडिलांचेही, आणि ते रोख दिलेले चालतात. विम्याचा हप्ता मात्र रोख भरलात तर वजावट मिळत नाही.