टायटल रिपोर्टमधला सातवा मुद्दा

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचं घर ताब्यात येऊन तीन महिने झाले, तरी तो सातवा मुद्दा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

ऑफर, तीन टक्के इसार, घराची तपासणी, लोन, सगळं सुरळीत पार पडलं. एस्क्रो म्हणजे ना आपला ना विकणाऱ्याचा असा तिसरा. पैसे आणि कागद त्याच्याकडे जमा होतात, दोन्हीकडच्या अटी पुऱ्या झाल्याशिवाय तो कुणाला काही देत नाही. पुण्यात इसार थेट मालकाच्या हातात ठेवलेला मी पाहिलाय, त्यामुळे ही पद्धत मला मनापासून आवडली.

अडलं ते टायटलमध्ये, म्हणजे मालकी हक्काच्या तपासणीत. आपल्याकडे वकील तीस वर्षांचा सर्च काढतो, इथे ते काम टायटल कंपनी करते आणि वर मालकीतल्या दोषांसाठी विमाही देते. तिच्या प्राथमिक रिपोर्टमध्ये सातव्या क्रमांकावर 1998 चा बोजा होता. घर विकणाऱ्या आजींनी ते कर्ज 2011 मध्येच फेडलेलं. कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र, घड्यांवर विरलेलं, त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलं होतं. पण बोजा उतरल्याचा दस्त, म्हणजे रीकन्व्हेयन्स, काउंटीत नोंदवावा लागतो. तो नोंदवलाच गेला नव्हता, आणि मधल्या काळात ती बँक दुसऱ्या बँकेत विलीन झालेली.

एस्क्रो ऑफिसरचं एकच उत्तर: "बँकेला विनंती पाठवली आहे." एक आठवडा गेला, दोन गेले, तीन गेले. बँक फक्त कर्जदाराशी बोलणार, म्हणून मी आजींच्या स्वयंपाकघरात बसून त्यांच्याकडून फोन लावून घेई. दरवेळी नवा माणूस, दरवेळी कर्जाचा नंबर पहिल्यापासून, आणि शेवटी "हे खातं सिस्टीममध्ये दिसत नाही." आजी रडकुंडीला आल्या होत्या. आमच्या व्याजदराच्या लॉकचे, म्हणजे ठरलेला दर टिकण्याच्या मुदतीचे, बारा दिवस उरले होते.

मग मी हट्टाने टायटल ऑफिसरचा नंबर मागितला. एस्क्रो ऑफिसर आणि टायटल ऑफिसर ही दोन वेगळी माणसं असतात, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्याने पाच मिनिटांत सांगितलं: कर्ज फिटून 75 दिवसांत रीकन्व्हेयन्स नोंदवला गेला नाही, तर कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे टायटल कंपनी दहा दिवसांची नोटीस देऊन स्वतः बोजा उतरवू शकते. नोटीस त्याच दिवशी गेली. तीन आठवडे आम्ही कशाची वाट पाहत होतो, याचं उत्तर मला कुणी दिलं नाही.

म्हणून सांगते, प्राथमिक रिपोर्ट हातात येईल त्याच दिवशी वाचा. कुठला बोजा कोण उतरवणार आणि कधीपर्यंत, हे लेखी घ्या. बँक जी टायटल पॉलिसी घ्यायला लावते ती फक्त बँकेला वाचवते. मालकाची वेगळी असते, हप्ता एकदाच भरायचा, ती घ्याच. आणि हो, एस्क्रोच्या खात्यात पैसे वायर करण्याआधी "खातं बदललंय" अशी मेल आली तर विश्वास ठेवू नका. सुरुवातीला मिळालेल्या नंबरवरच फोन करा.

सह्यांच्या दिवशी नोटरीने वहीत उजवा अंगठा घेतला. पुरवणी मालमत्ता कराचं, म्हणजे घराचं मूल्य नव्याने ठरल्यावर येणाऱ्या जादा कराचं, बिल नंतर थेट आपल्या नावे येतं, ते बाजूला टाकू नका.

बोजा उतरल्याच्या दस्ताची प्रत मी आजींना नेऊन दिली. त्यांनी ती दोनदा वाचली आणि त्या जुन्या पत्राला स्टेपल केली.