तुम्ही विचारलेत म्हणून: नामांकित विद्यापीठांतून एक निवडताना

मार्चच्या अखेरीस अमेरिकेतील बहुतेक नामांकित विद्यापीठांचे निकाल लागतात आणि १ मेपर्यंत त्यांपैकी एकाला होकार कळवावा लागतो. या मधल्या महिन्याभरात न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी शाळेत पूर्वी शिकून गेलेल्या मुलांचे आईवडील, आणि अलीकडे पुण्या-ठाण्याहून फोन करणारे त्यांचे नातेवाईकही, मला हमखास एकच प्रश्न विचारतात: "दोन-तीन उत्तम ठिकाणी प्रवेश मिळाला आहे, शिक्षणाच्या दर्जात डावे-उजवे करण्यासारखे काही नाही, मग आमच्या मुलाला कुठले वातावरण मानवेल हे ओळखायचे कसे?" फोनवर मी याचे उत्तर तुकड्यातुकड्यांनी देत आले आहे. तुम्ही विचारलेत म्हणून ते एकदा सलग लिहिते.

पैशाचा विषय आधी उरकते, कारण तो सुटल्याशिवाय वातावरणाची चर्चा व्यर्थ आहे. आयव्ही लीग या हार्वर्ड, येल वगैरे जुन्या खाजगी विद्यापीठांच्या गटातली आठही विद्यापीठे आणि एमआयटी ही तंत्रज्ञानाची नामवंत संस्था गुणवत्तेवर शिष्यवृत्ती देत नाहीत. मदत मिळते ती केवळ कुटुंबाची आर्थिक गरज पाहून. त्यामुळे नवराबायको दोघेही नोकरी करणाऱ्या आपल्यासारख्या अनेक घरांना राहण्या-जेवणासह वर्षाला ९०,००० डॉलरच्या आसपासची रक्कम बरीचशी स्वतःच भरावी लागते. स्टेसी डेल आणि अॅलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात असे दिसले होते, की सारख्याच कुवतीच्या मुलांपैकी जी कमी नावाजलेल्या ठिकाणी शिकली त्यांची पुढची कमाई सर्वसाधारणपणे फारशी मागे पडली नाही. अपवाद होता तो मुख्यतः गरीब घरांतल्या मुलांचा, त्यांना मोठ्या विद्यापीठाचा स्पष्ट लाभ झाला. राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २०२३ च्या अभ्यासानेही सरासरी कमाईबद्दल जवळपास हेच सांगितले, पण अगदी वरच्या एक टक्क्यात पोचण्याची शक्यता या विद्यापीठांमुळे वाढते, हेही नोंदवले. घर गहाण टाकून नाव विकत घ्यावे असे या दोन्हींतून मला तरी वाटत नाही. रटगर्स या न्यू जर्सीच्या सरकारी विद्यापीठात शिकून उत्तम चाललेली आमची कितीतरी मुले माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

पैशाचे गणित दोन्हीकडे जुळत असेल, तर मग वातावरण. इथे बहुतेक पालक मुलाला घेऊन प्रवेशपात्र विद्यार्थ्यांसाठीच्या स्वागतसोहळ्याला जातात. येलचे 'बुलडॉग डेज', हार्वर्डचे 'व्हिझिटास', एमआयटीचा 'कॅम्पस प्रिव्ह्यू वीकेंड' अशी त्यांना नावे आहेत. अवश्य जावे, पण कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात घराची जी कळा असते तीच त्या दिवसांत विद्यापीठाची असते, हे लक्षात ठेवावे. हिरवळीवर ऊन असते, प्रत्येक जण हसून बोलतो, गाण्याचे पाच गट पाच कमानींखाली गात असतात, आणि संध्याकाळी मूल म्हणते, "मला इथे आपलेपणा वाटला." सतराव्या वर्षी एप्रिलमधल्या प्रसन्न दिवशी आपलेपणा कुठेही वाटतो.

माझे म्हणणे असे, की वातावरण ही काही हवेत तरंगणारी गोष्ट नव्हे. ते बव्हंशी नियमांतून घडते: कोणते विषय सक्तीचे आहेत, कोण कोणाबरोबर राहणार हे कोण ठरवते, सत्र किती आठवड्यांचे आहे, मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, बदलता येतो की नाही. हे नियम लेखी असतात, सर्वांना वाचायला खुले असतात, आणि तरीही क्रमवारीच्या याद्या तोंडपाठ असलेले पालक ते वाचत नाहीत.

अभ्यासक्रमापासून सुरुवात करू. कोलंबियात १९१९ पासून एक सक्तीचा गाभा अभ्यासक्रम आहे, ज्याला तिथे 'कोअर' म्हणतात. कोलंबिया कॉलेजमध्ये आलेला प्रत्येक विद्यार्थी, मग तो पुढे गणित शिकणार असो वा नृत्य, पहिल्या वर्षी होमरपासून सुरू होणारी तीच पुस्तके सुमारे वीस-बावीस जणांच्या वर्गात बसून वाचतो आणि त्यांवर बोलतो. याचा परिणाम असा, की वसतिगृहाच्या लिफ्टमध्ये भेटलेल्या अनोळखी मुलाशीसुद्धा बोलायला एक विषय तयार असतो. याच्या अगदी उलट टोकाला ब्राउन आहे. १९६९ साली तिथल्या विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेऊन तयार केलेल्या अहवालावरून विद्यापीठाने सक्तीचे विषय काढून टाकले. मेजर आणि लेखनाची अट एवढे सोडले तर काय शिकायचे ते ज्याचे त्याने ठरवायचे, हवा तो विषय श्रेणीशिवाय घ्यायचा, आणि नापास झालात तरी बाहेर जाणाऱ्या गुणपत्रिकेवर त्याची नोंद नाही. दोन्ही ठिकाणी हुशार मुले आहेत, दोन्हीकडे प्राध्यापक थोर आहेत. पण वर्गात शेजारी बसलेले मूल तिथे का बसले आहे, याचे उत्तर दोन्हीकडे वेगळे आहे. ब्राउनमध्ये ते बहुधा स्वतःहून आलेले असते. कोलंबियाच्या त्या वर्गात काहींना आणून बसवलेले असते, आणि त्यांतल्याच काहींना डिसेंबरपर्यंत त्या पुस्तकांचा नाद लागलेला असतो.

माझ्या भाचीला शिकागो आणि ब्राउन अशा दोन्ही ठिकाणी प्रवेश मिळाला होता. घरात सगळ्यांचे मत एकच होते, की ही मनस्वी मुलगी, हिला मोकळीक हवी, म्हणजे ब्राउनच. मी तिला दोन्ही विद्यापीठांची खरीखुरी विषयसूची उघडून पहिल्या दोन वर्षांचे वेळापत्रक कागदावर मांडायला सांगितले. ब्राउनचा कागद दोन दिवस खाडाखोडीने भरत राहिला. ती एक विषय लिहायची, मग त्याहून रंजक दुसरा सापडायचा, आणि शेवटी कागदावर बाणांचे जाळे उरले. शिकागोचा कागद मात्र तासाभरात निम्मा भरला, कारण निम्म्या जागा तिथल्या सक्तीच्या विषयांनीच घेतल्या होत्या. उरलेल्या चौकटींकडे पाहत ती म्हणाली, "मावशी, इथे मला फक्त एवढेच ठरवायचे आहे ना?" तिच्या आवाजातली सुटका मला आणि तिच्या आईला एकदमच ऐकू आली. ती शिकागोला गेली. आमच्या शाळेतल्या एका मुलाने हाच प्रयोग केला, तेव्हा ब्राउनचा बाणांचा कागद त्याने भिंतीवर चिकटवला होता, आणि तो ब्राउनला गेला. कागद मुलाच्या हातून भरला जावा, एवढी एकच अट मी घालते.

शिकागोबद्दल 'मजा जिथे मरायला येते' असे विद्यार्थ्यांनीच टी-शर्टांवर छापलेले घोषवाक्य पालकांना घाबरवते. पण १९८७ पासून दर वसंतात वस्तू शोधून आणण्याची अफाट आणि अचाट स्पर्धा भरवणारी मुलेही तीच आहेत. घोषवाक्यापेक्षा तिथल्या सत्राकडे पाहावे. शिकागो आणि स्टॅनफर्ड या दोन्ही ठिकाणी शैक्षणिक वर्षात सुमारे दहा-दहा आठवड्यांची तीन सत्रे असतात, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात पहिली परीक्षा, आणि आठवडाभर ताप आला तर सत्राचा दहावा हिस्सा गेला. ज्या मुलाला सुरुवातीला रेंगाळून मग वेग घ्यायची सवय आहे, त्याला हे जड जाते. उलट एकाच विषयाला चार महिने कंटाळणाऱ्यांना ते मानवते. एमआयटीत अभ्यासाचे ओझे जगजाहीर आहे, पण पहिल्या सत्रात उत्तीर्ण एवढीच नोंद होते, नापासाची होत नाही, आणि या एका नियमामुळे पहिल्या वर्षाची मुले गृहपाठाला एकमेकांच्या खोलीत जाऊन बसायला शिकतात, असे तिथे शिकलेली आमची मुले सांगतात. (पदवीसाठी तिथे पोहता यावे लागते, हेही सांगून ठेवते, तलावापासून चार हात दूर राहिलेल्या पुणेकरांनी वेळीच तयारीला लागावे.)

राहण्याच्या नियमांकडे तर सर्वांत जास्त लक्ष द्यावे असे मला वाटते. येलमध्ये १४ निवासी कॉलेजे आहेत आणि मूल तिथे पोचण्यापूर्वीच त्याला त्यांपैकी एक नेमून दिले जाते. त्याचे भोजनगृह, ग्रंथालय, डीन हे सारे चार वर्षे तेच राहते. हार्वर्डमध्ये पहिले वर्ष सगळे एकत्र राहतात आणि मग मार्चमध्ये १२ हाउसांपैकी, म्हणजे पुढची वर्षे राहण्याच्या वसतिगृहांपैकी, एक चिठ्ठीने मिळते, पण त्यासाठी त्याआधी जास्तीत जास्त ८ जणांचा गट करता येतो. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात फेब्रुवारी महिन्यात 'मला कोणी गटात घेईल का' या चिंतेने कुढणारे बुजरे मूल आणि तीच चिंता वाट्याला न आलेले तसेच दुसरे मूल, एवढा तो मोठा आहे. प्रिन्स्टनमध्ये तिसऱ्या-चौथ्या वर्षाची बरीच मुले प्रॉस्पेक्ट अॅव्हेन्यूच्या परिसरातल्या ११ भोजन-क्लबांपैकी एखाद्यात जेवतात. त्यांतल्या काहींत नुसते नाव नोंदवून जाता येते, तर काहींत मुलाखतींसारख्या फेऱ्यांतून निवड होते. एमआयटीत वसतिगृह निवडता येते, आणि काही वसतिगृहांत भोजनगृहच नसल्यामुळे मुले आपापल्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात शिजवून जेवतात. घरून कुकर नेलेल्या आमच्या एका मुलीच्या वरणभाताला तिथे भलतीच मागणी आली आणि तिचा मित्रपरिवार त्यातूनच जमला.

कोणाबरोबर राहिलो याचे महत्त्व किती, हे आपल्याला बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रातूनही दिसते. १९१३ साली ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात आले, आरंभी एक-दोन जागा बदलून लिव्हिंग्स्टन हॉल या वसतिगृहात राहिले, आणि तिथे खोलीतले सोबती म्हणून लाभलेले नवल भथेना हे पुढे आयुष्यभराचे स्नेही ठरले. बाबासाहेबांनी स्वतःही नंतर लिहिले आहे, की आयुष्यातले उत्तम मित्र त्यांना कोलंबियातले सहाध्यायी आणि ड्यूई, सेलिग्मन यांच्यासारखे प्राध्यापक यांच्यात मिळाले.

मेजर बदलण्याचा नियम आपल्या लोकांनी तरी डोळ्यांत तेल घालून वाचावा. एमआयटीत पहिल्या वर्षी कोणाचाच मेजर ठरलेला नसतो आणि नंतर हवा तो घेता येतो. कार्नेगी मेलन किंवा पेन (पेनसिल्व्हेनिया विद्यापीठ) यांसारख्या ठिकाणी मात्र प्रवेश एका विशिष्ट कॉलेजात मिळतो, आणि आत गेल्यावर संगणकशास्त्राकडे किंवा व्हॉर्टन या पेनच्या व्यवस्थापन कॉलेजाकडे वळू असे गृहीत धरता येत नाही. 'आधी आत तर जाऊ दे, मग बघू' हा आपला लाडका विचार इथे चालत नाही. क्लबांचेही असेच आहे: अनेक नामांकित विद्यापीठांत कंपन्यांना व्यावसायिक सल्ला देणारे क्लब, नाट्यमंडळ, वादविवाद यांत शिरायला पुन्हा अर्ज आणि मुलाखती असतात, आणि हार्वर्डमध्ये तर या उमेदवारीला 'कॉम्प' असे खास नाव आहे. आयुष्यात कधी नकार न ऐकलेली मुले पहिल्याच सप्टेंबरमध्ये तीन नकार घेऊन घरी फोन करतात.

हे सगळे वाचून झाले की मग भेट द्यावी, आणि विद्यापीठ दाखवण्याची फेरी संपल्यावर एखाद्या विद्यार्थ्याला गाठून 'इथे कसे वाटते' असे न विचारता 'मागच्या मंगळवारी रात्री नऊनंतर काय केलेस' असे विचारावे. पहिल्याला ठरलेले उत्तर मिळते, दुसऱ्याला खरे. संध्याकाळी सहाला भोजनगृहात किती जण कानात इअरफोन घालून एकटे जेवतात तेही पाहावे, आणि एकटे जेवण्याची तिथे कोणाला लाज वाटते का हेही. जाणे शक्य नसेल, आणि भारतातून ते सहसा शक्य नसतेच, तर तिथल्या विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्राचे फेब्रुवारीतले अंक इंटरनेटवर वाचावेत. हार्वर्ड क्रिमसन, येल डेली न्यूज, शिकागो मरून ही पत्रे विद्यापीठाच्या प्रशासनावर सडकून टीका करतात, आणि मुले कशावर चिडतात हे कळले की ती कशाला जपतात हेही कळते.

इतके करूनही दोन नावे सारखीच उरली, तर आईवडिलांनी आपले मत एकदा सांगून गप्प बसावे. निर्णय झाला की दुसऱ्या विद्यापीठाला १ मेची वाट न पाहता त्याच दिवशी नकार कळवावा. त्या जागेसाठी प्रतीक्षायादीवर कोणाचे तरी मूल थांबलेले असते.