नऊ रुपयांची कोंबडी

स्मरणिकेसाठी चार शब्द लिहून पाठवा, असा शाळेतून फोन आला तेव्हा मी पतसंस्थेच्या मीटिंगमध्ये होतो. फोन ठेवला आणि पुढचा अर्धा तास अजेंड्यावर काय चाललंय ते माझ्या डोक्यात शिरलंच नाही. डोळ्यांपुढे एक कोंबडी होती. तांबडी, मान उघडी पडलेली. ती शाळेच्या विहिरीकडून बोर्डिंगच्या मुतारीकडे पळत होती, आणि तिच्यामागे अर्धी मंडळी.

शाळेबद्दल इतरजण सविस्तर लिहितीलच. इमारत, ग्राउंड, एसएससीचे निकाल, सगळं येईल. मी फक्त गणिताच्या सरांबद्दल लिहिणार आहे. त्यांचं नाव लिहीत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि आपल्या बॅचेसना नाव लागतही नाही. 'वहीवाले सर' म्हटलं की पुरे.

मी 73 साली बोर्डिंगात आलो. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या पाथर्डीकडे माणसांनाच खायला नव्हतं, तिथे पोराची शाळा कोण बघतो? वडील नालाबांधाच्या कामावर खडी फोडत होते. कुणीतरी सांगितलं, नगरला मिशनच्या बोर्डिंगात पोटापाण्याची सोय होते. आजी रडली. म्हणाली, पोराला बाटवतील. वडील माळकरी. ते एवढंच म्हणाले, "उपाशी मरण्यापेक्षा शिकू दे."

मला कुणी बाटवलं नाही. मी आजही ख्रिस्ती नाही, वडिलांची माळ माझ्या गळ्यात आहे. आम्हा हिंदू पोरांना रविवारच्या उपासनेची सक्ती नव्हती. पण बोर्डिंगात एकटं बसून करायचं काय? म्हणून जायचो. पहिल्याच रविवारी पेटी, तबला आणि टाळ ऐकून मी चक्रावलो. चाल अभंगाची, शब्द अभंगाचे, फक्त नाव ख्रिस्ताचं. नंतर सरांनी सांगितलं की हे नारायण वामन टिळकांचं. टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला आणि मग ज्ञानोबा-तुकोबांच्या भाषेत येशूला आणलं. वडील मला भेटायला आले तेव्हा मागच्या सतरंजीवर बसले आणि दुसऱ्या गाण्याला त्यांनी आपसूक ताल धरला. पाळकांनी, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंनी, उपासनेनंतर त्यांना चहा पाजला. वडील गावी जाऊन आजीला म्हणाले, "तिथं भजन आहे, काळजी करू नको."

सर मंडळीचे, म्हणजे त्या चर्चच्या सभासदांच्या संस्थेचे, खजिनदार होते. शाळेत गणित, मंडळीत हिशोब, आणि आमच्यासाठी दोन्हींत फरक नव्हता. मुलांना ते गावाच्या नावाने हाक मारायचे. "ए पाथर्डी, फळ्यावर ये." "शेवगाव, उभा राहा." अजूनही एखादा वर्गमित्र भेटला की मी 'पाथर्डी'च.

अपूर्णांकांची बेरीज त्यांनी कशी शिकवली ते आमच्या वर्गातलं कुणी विसरणार नाही. त्याआधी तीन-चार वर्षांपूर्वी, 29 नोव्हेंबर 1970 ला, नागपूरला सहा ख्रिस्ती मंडळ्या एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं होतं. सर स्वतः जाऊन बघून आले होते. फळ्यावर त्यांनी सहा अपूर्णांक लिहिले, सहाही छेद वेगळे. म्हणाले, "हे आपले नगरचे जुने काँग्रिगेशनल. ते 1924 पासूनच प्रेस्बिटेरियन लोकांबरोबर संसार करतायत, त्यांना एक धरा. हे अँग्लिकन, यांना पाळकांच्या वर बिशप लागतो. हे बॅप्टिस्ट, हे मोठ्या माणसालाच बाप्तिस्मा देतात, तोही पाण्यात बुडवून. हे ब्रदरन, हे मेथडिस्टांपैकी काही, हे डिसायपल्स. करा बेरीज." शेवगाव उठला आणि अंशांची बेरीज करून मोकळा झाला. सरांनी खडू फेकून मारला. "छेद सारखा कोण करणार? तुझा आजा?"

मग त्यांनी लसावि काढला. कुणाचाही अंश खोडला नाही. नव्या मंडळीत तान्ह्या बाळाचाही बाप्तिस्मा चालतो आणि मोठेपणी घेतलेलाही. बिशप आला, पण वार्षिक सभेतलं मंडळीचं मत गेलं नाही. पॅस्टोरेट म्हणजे गावची मंडळी, डायसिस म्हणजे बिशपचा विभाग, सिनॉड म्हणजे सगळ्या चर्चची सभा, अशा तीन पायऱ्या, आणि प्रत्येक पायरीवर पाळकांच्या बरोबरीने साधे सभासद बसलेले. ऐक्य, साक्ष, सेवा हे तीन शब्द त्या चर्चच्या चिन्हावरच आहेत. सर म्हणाले, "पहिला शब्द आज शिकलात. बाकीचे दोन परीक्षेला नाहीत."

सगळ्यांना हे रुचलं होतं असं नाही. बोर्डिंगच्या ओट्यावर म्हातारे बोलत बसायचे, तेव्हा आमच्या कानावर यायचं. नगरला मिशन आलं 1831 साली. 1854 मध्ये हरिपंत खिस्ती आणि रामकृष्णपंत मोडक या आपल्याच माणसांना पाळकाची दीक्षा मिळाली. आम्ही आमचे पाळक आमच्या मतानं निवडत आलो, आता हा बिशप कशाला? सर त्यांच्यात बसायचे, पण वाद घालत नसत. नगरला मिशन पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाचे सेक्रेटरी अँडरसनसाहेब त्या 1854 च्या सुमाराला इकडे येऊन गेले होते. त्यांचं म्हणणं असं की मंडळीनं स्वतःचा कारभार स्वतः करावा, स्वतःचा खर्च स्वतः भागवावा आणि स्वतःच वाढावं. सर हसून म्हणायचे, "पहिलं आणि तिसरं सगळ्यांना पाठ आहे. दुसऱ्याची पावती माझ्याकडे फाडा." (याच अँडरसनसाहेबांमुळे मिशनच्या इंग्रजी शाळांवर कुऱ्हाड आली होती, हेही सरांनीच सांगितलेलं. कौतुक करताना ते हातचं राखून करत. मला आज ते जमणार नाही.)

आता कोंबडी.

पंचाहत्तरच्या हंगामाच्या उपकारस्तुतीला, म्हणजे पिकाबद्दल देवाचे आभार मानायच्या उपासनेला, खेड्यापाड्यांतून मंडळी आली होती. वेदीपुढे बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, भोपळे, अंडी, एक बोकड आणि आठ-दहा कोंबड्या. उपासना झाली की पटांगणात लिलाव. बोली पुकारायला एसटीतले एक कंडक्टर. त्यांचा आवाज चांदणी चौकापर्यंत जायचा. माझं अक्षर बरं म्हणून सरांनी यादी लिहायला मला बसवलं. माल, बोली, नाव, जमा. चार रकाने. बाजूला पत्र्याचा डबा.

तांबड्या कोंबडीची बोली बारा रुपयांवर गेली. घेणाऱ्यानं पैसे डब्यात टाकले आणि रिवाजाप्रमाणे कोंबडी परत मंडळीला दिली, पुन्हा लिलाव करा म्हणून. त्या देवघेवीत ती सुटली. पुढचं मी वर सांगितलंच आहे. विहिरीला दोन फेऱ्या मारून ती सापडली तेव्हा कंडक्टरकाकांचा धोतराचा सोगा फाटला होता आणि सगळे हसून बेजार झाले होते. त्या हशातच दुसऱ्यांदा बोली झाली. नऊ रुपयांना कोंबडी मागच्या चाळीतल्या एका आजींना गेली. आजी माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "पुढच्या ऐतवारी देते रे बाळा." मी मान डोलावली आणि 'जमा'च्या रकान्यात नऊ लिहिले.

संध्याकाळी डबा उघडला. मंडळीचा नियम होता, पैसे एकट्यानं मोजायचे नाहीत. दोघांनी मोजायचे आणि तिसऱ्यानं सही करायची. वहीत 438 रुपये 75 पैसे, डब्यात 429 रुपये 75 पैसे. परत मोजले. परत तेच. तोवर माझ्या तळहाताला घाम फुटला होता. मला ती आजी आठवतच नव्हती. कोंबडीच आठवत होती.

मोजणाऱ्यांपैकी एकजण म्हणाले, "गुरुजी, नऊ रुपयांसाठी काय रात्र जागवायची? मी टाकतो खिशातून, जुळवून टाका." सरांनी त्यांचा हात धरला. म्हणाले, "खिशातून टाकले की हिशोब जुळतो, पण खोटा जुळतो. कमी ते कमी लिहा."

कमिटी बुधवारी बसली. मी खिडकीखाली उकिडवा बसून ऐकत होतो. पाळक अध्यक्ष. सरांनी उभं राहून सांगितलं, "लिलावात नऊ रुपये कमी आले." कमिटीत एक लेथवर काम करणारा तरुण नव्यानं निवडून आला होता. सरांनीच त्याला कधीकाळी सातवीत नापास केलेलं. त्यानं विचारलं, "यादी कोणी केली? त्या बोर्डिंगच्या पोरानं ना? मग त्याला बोलवा." खिडकीखाली माझे पाय थरथरायला लागले. सर म्हणाले, "यादी माझी. पोराच्या हातात पेन्सिल मी दिली." तरुण म्हणाला, "मग तुम्ही उत्तर द्या, गुरुजी." आणि सर उभ्या उभ्या, आपल्याच नापास विद्यार्थ्याला, वकिलाला द्यावं तसं एकेका प्रश्नाचं उत्तर देत राहिले. वीस मिनिटं तरी. आवाज चढला नाही. "तू मला विचारणारा कोण" हे वाक्य आमच्या गावच्या सरपंचाच्या तोंडून मी शंभर वेळा ऐकलं होतं, त्याची मी वाट बघत होतो. ते आलंच नाही.

रात्री दोन-अडीचला मला आजी आठवली. पहाटे सरांच्या दारात जाऊन रडत सगळं सांगितलं. ते दात घासत होते. चूळ भरून म्हणाले, "मग आता ते कमी नाही, येणे आहे. जा, येणे लिही." मला वाटलं होतं, ते आजींकडे माणूस पाठवतील. नाही पाठवला. मागायचं नाही, त्या म्हणाल्यात देते म्हणून.

तीन रविवार गेले. चौथ्या रविवारी आजींनी पैशांऐवजी अंडी आणली, त्याच कोंबडीची. अंड्यांचा लिलाव झाला, साडेचार रुपये आले. आजींचं म्हणणं, देणं फिटलं. कमिटीत यावर खरोखर चर्चा झाली. अंडी अर्पण धरायची की कर्जफेड? लेथवाला म्हणाला, फेड. पाळक म्हणाले, अर्पण. शेवटी फेड ठरली आणि वहीत राहिलं: 'कोंबडीचे येणे रु. 4.50'. पुढे प्रत्येक वार्षिक सभेत सर ताळेबंद वाचायचे, आणि तो आकडा आला की सभेत खसखस पिकायची. आजी पुढच्या सतरंजीवर बसून सगळ्यांत जास्त हसायच्या.

मी दहावीत असताना सर निवडणूक हरले. अकरा मतांनी. लेथवालाच खजिनदार झाला. त्या संध्याकाळी सरांनी किल्ली, डबा आणि वह्या हवाली केल्या, येणे-देणे मोठ्यानं वाचून दाखवलं, कोंबडीसकट. पुढच्या रविवारी मी मुद्दाम लवकर गेलो, सर येतात की नाही ते बघायला. ते माझ्याही आधी आले होते. सतरंज्या झटकत होते. मी म्हटलं, "सर, तुम्ही?" ते म्हणाले, "एक टोक धर, पाथर्डी."

त्या वर्षी गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी पाळकांनी बारा जणांचे पाय धुतले. योहानाच्या तेराव्या अध्यायात येशू शिष्यांचे धुतो तसे. त्या बारांत बोर्डिंगचा झाडूवाला होता आणि लेथवालाही होता. घमेलं आणि टॉवेल धरायला पाळकांच्या मागे सर उभे होते. घमेलं तेच, ज्यात रविवारी आमची आमटी यायची.

बँकेत लागलो तेव्हा पहिल्याच वर्षी माझ्या काउंटरला दीडशे रुपये कमी आले. शेजारचे म्हणाले, टाक खिशातून आणि घरी जा, सगळे तेच करतात. मी कमी ते कमी लिहिलं. मेमो मिळाला, बढती वर्षभर लांबली, घरी दोन दिवस अबोला. पहिल्या पगाराच्या वेळी मी सरांना साडेचार रुपये देऊ केले होते, आजीच्या नावावर भरा म्हणून. त्यांनी नोट-नाणी परत माझ्या खिशात घातली. "तुझं देणं नाही ते."

आता मी एका पतसंस्थेचा चेअरमन आहे. सहा शाखा आहेत, कॅमेरे आहेत, नोटा मोजायची मशीन आहेत. तरीही कॅश दोघांनी मोजायची आणि तिसऱ्यानं सही करायची. नवीन पोरं कुरकुरतात. वार्षिक सभेत एखादा सभासद उठून चढ्या स्वरात विचारतो, "चेअरमनसाहेब, हा खर्च कशाचा?" तेव्हा माझ्या जिभेवर ते सरपंचाचं वाक्य येतंच. दरवेळी गिळता येतं असंही नाही. गेल्या वर्षी नाही गिळता आलं.

मागच्या महिन्यात शाळेत येऊन गेलो. शहराचं नाव बदललंय, शाळेची पाटी नवी आहे, विहिरीवर जाळी बसवलीय. बोर्डिंगच्या जागी दुचाकी लावतात. जमिनींच्या, कोर्टकचेऱ्यांच्या गोष्टी कानावर आल्या, त्या इथे नकोत. मंडळीच्या उपासनेला गेलो. सतरंज्या गेल्या, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आल्या. व्यासपीठावर एक तरुण पाळकबाई होत्या. सर असते तर पहिल्या रांगेत बसले असते. पेटी तीच असावी, मधला एक स्वर अजून चिकटतो.

एक विनंती करून थांबतो. सन 75-76 ची मंडळीची जमाखर्चाची वही, निळ्या कापडी पाठीची, कुणाच्या कपाटात, माळ्यावर, ट्रंकेत असेल तर कळवा. हंगामाच्या लिलावाच्या पानावर शिसपेन्सिलीनं लिहिलेली यादी आहे. सातच्या पोटात आडवी रेघ आहे, तशी मी तेव्हा काढायचो. 'जमा'च्या रकान्यातला एक नऊ खोडून शेजारी 'येणे' लिहिलंय. त्या पानाची झेरॉक्स मिळाली तरी चालेल.